हूक सॉलिड, बाकीचं काय?

गाडीत नवीन काय बसवलं, या प्रश्नाची आपल्याकडची उत्तरं ठरलेली आहेत. अलॉय व्हील्स, टचस्क्रीन, सीट कव्हर्स. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून आपण ती एकमेकांना दाखवतो, समोरचाही 'मस्त रे' म्हणतो आणि विषय संपतो. कोडोलीत आमच्या घरी गेल्या दिवाळीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती मात्र ट्रॅक्टरच्या हुकाची. फराळ, फटाके, कुणाचं लग्न कधी हे सगळं बाजूला. चार दिवस नुसता हूक!

हूक म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागं, ट्रॉली अडकवायला असतो तो लोखंडी जबडा. मधे भोक, भोकात पिन, पिनीत ट्रॉलीची दांडी. बस्स, एवढंच. त्याचा कुणी कधी फोटो काढत नाही, ट्रॅक्टरच्या जाहिरातीतही तो दिसत नाही. पण ऊस कारखान्यापर्यंत पोचतो तो त्याच्याच जिवावर.

कोडोली ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुण्याहून कोल्हापूरकडं येताना हायवेवर वाठारला आत वळायचं, की वारणानगर आणि त्याच्या शेजारी कोडोली. तालुका पन्हाळा, खोरं वारणेचं, पीक उसाचं. तात्यासाहेब कोरे यांनी इथं सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्याभोवती दूध, शाळा, कॉलेज असं सगळं वाढत गेलं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचं धुराडं पेटतं आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या भागातल्या रस्त्यांवर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या धावत असतात. एका ट्रॅक्टरमागं दोन. तुम्ही कधी रात्री या बाजूला ड्रायव्हिंग केलं असेल तर अंधारात अचानक समोर आलेला तो हलता डोंगर नक्कीच आठवत असेल.

त्या डोंगरांपैकी एक आमच्या दादाचा. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, बँकेचा हप्ता आणि एक ड्रायव्हर. मी हिंजवडीत ज्याला ईएमआय म्हणतो, त्यालाच दादा हप्ता म्हणतो. फरक एवढाच, की माझा पगार बाराही महिने येतो आणि त्याची कमाई चार-पाच महिन्यांत उरकावी लागते. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर. म्हणजे खेपेत जितके टन जास्त, तितका हप्ता हलका.

सीझन सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ड्रायव्हर ग्रीसिंग करत होता. मातीचा थर पुसल्यावर त्याला हुकाच्या जबड्याला केसाएवढी चीर दिसली. भोकही गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. कंपनीचाच हूक, ट्रॅक्टरबरोबर आलेला. त्यानं इमानेइतबारे पाच सीझन काढले होते, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आता बदलायचा, हे नक्की. प्रश्न होता, कुठला बसवायचा?

आणि इथून गावातले सगळे एक्स्पर्ट जागे झाले. चौकातल्या चहाच्या टपरीवर तर फुकट कन्सल्टन्सीच सुरू झाली. एकाचं म्हणणं, दुप्पट जाडीची प्लेट घे, वेल्डिंग मारून टाक, हत्ती बांधला तरी हलणार नाही. दुसऱ्याचं म्हणणं, हूक जरा वर घे, म्हणजे ट्रॉलीची दांडी खड्ड्यात घासणार नाही. तिसरा थेट मुद्द्यावर आला, "एवढा दणकट हूक बसवतोच आहेस तर ट्रॉलीमागं दोन टन जास्त भर की, भावा! नाद खुळा!"

दादाच्या डोळ्यांत ते दोन टन चमकले, हे मी स्वतः पाहिलं. दोन ट्रॉल्या, म्हणजे खेपेला चार टन. गुणिले सीझनभरच्या खेपा. त्यानं गुणाकार तिथंच, चहाच्या ग्लासाकडं बघत केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रींकडं गेलो. गावाबाहेर पत्र्याची शेड, दारात उलटी पडलेली ट्रॉली, आत वेल्डिंगचा निळा उजेड. मिस्त्री साठीकडं झुकलेले, बोलणं मोजकं. उमेदवारी त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरला केलेली. तिथल्या वर्कशॉपमध्ये घडलेला माणूस लोखंडाला हात लावण्याआधी दहा प्रश्न विचारतो, अशी त्यांची ख्याती. आमची ऑर्डर त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "हूक तुटू नये म्हणून बदलायचाय, का जास्त वडायचंय म्हणून?"

दादा म्हणाला, "दोन्ही."

"मग दोन्हीतलं एक ठरवून या," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

आम्ही अर्थातच गेलो नाही. मग त्यांनी दादाला जुन्या हुकाशी वाकायला लावलं. हूक ज्या ब्रॅकेटवर बसतो ते ब्रॅकेट ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला बोल्टनं धरलेलं असतं. हाउसिंग म्हणजे ज्याच्या पोटात गिअर आणि डिफरन्शियल असतं तो मोठा डबा. तो बिडाचा असतो. बीड कडक असतं, पण ठिसूळ. ते वाकत नाही, फुटतं. त्याला वेल्डिंगही सहजासहजी मानवत नाही. एका जागी तापवलं आणि ते घाईत गार झालं, की टाक्याशेजारीच तडा जातो. म्हणून हाउसिंगला वेल्डिंग करून हूक चिकटवायचा, हा टपरीवरचा पहिला सल्ला तिथंच बाद झाला.

"आत्ता ओढ बसली की पहिल्यांदा काय तुटतंय? पिन न्हाईतर हूक," मिस्त्री सांगत होते. "हूक तुटला तर अर्ध्या दिवसाचं काम. तू हूक दुप्पट केलास, तर ती ओढ जाणार कुठं? बोल्टावर. बोल्टबी जाड केलेस तर हाउसिंगवर. हाउसिंग फुटलं तर सीझन गेला."

म्हणजे साखळीतली कच्ची कडी पक्की केली, की ती नाहीशी होत नाही. पुढच्या कडीवर सरकते. आणि पुढची कडी बहुतेक वेळा जास्त महाग असते.

हा फंडा ऐकताना मला आमचं ऑफिस आठवलं, हे सांगायलाच हवं. टीममध्ये एखादा दणकट गडी असतो. त्याला कोणताही मोड्यूल द्या, ओढतोच. मग अ‍ॅप्रेझलला त्याला 'सॉलिड' म्हणतात आणि त्याच्यामागं आणखी एक ट्रॉली लावतात. तो तुटत नाही. तुटतं ते दुसरंच काहीतरी. झोप, पाठ, घरातलं बोलणं. असो. इथं विषय लोखंडाचा आहे, आणि लोखंडाचा हिशोब माणसापेक्षा सरळ असतो.

तो हिशोब मी रात्री कागदावर मांडून पाहिला. एका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस बसतो. दोन ट्रॉल्या आणि त्यांचं स्वतःचं वजन धरून मागं चोवीसेक टन. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन जेमतेम सव्वादोन. वीस मीटरला एक मीटर असा साधा चढ धरला, तरी नुसतं वजन वर खेचायला सव्वा टनाची ओढ लागते, शिवाय टायर आणि खराब रस्त्याचा अडथळा वेगळा. ही झाली सावकाश, सलग ओढ. पण भोक लांबट झालं असेल तर पिन आत पुढं-मागं आदळते आणि प्रत्येक क्लचला हिसका बसतो. हिसक्याची ओढ साध्या ओढीच्या कितीतरी पट होते. म्हणजे जुना हूक नुसता झिजला नव्हता. झिजल्यामुळं तो आणखी वेगानं झिजत होता.

खरा धोका मात्र ओढीपेक्षा उंचीत होता, आणि तो सगळ्यात आधी ओळखला आमच्या आबांनी. आबांनी ट्रॅक्टर कधी चालवला नाही, आयुष्य बैलगाडीवर गेलं. हूक वर घ्यायचा विषय निघाल्यावर ते पान जुळवत एवढंच म्हणाले, "गाडी उलाळ होईल की रे."

उलाळ हा शब्द आता ऐकू येत नाही. बैलगाडीत मागं जास्त भार झाला की पुढचं जू वर उचललं जातं आणि बैलांचे गळे आवळले जातात. त्याला उलाळ म्हणतात. म्हणून जुना गाडीवान ओझं भरताना जू हातानं उचलून अंदाज घ्यायचा. पुढं फार दाब नको, मागंही फार नको.

ट्रॅक्टरचं तेच. मागची चाकं जमिनीला टेकतात तो झाला टेकू. मागची ओढ जितकी उंचावरून बसेल, तितकं ट्रॅक्टरचं पुढचं अंग वर उचललं जाणार. हूक मागच्या आसाच्या खाली आहे तोवर ट्रॅक्टर बराचसा सावरून धरतो. हूक वर सरकत आसाच्या उंचीला आला, की चढावर, क्लच सोडताना, ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहू शकतो. त्यात ट्रॉलीच्या दांडीचं वजन हुकावर बसलेलं असतं. हूक जितका लांब मागं निघेल, तितकं ते वजनही पुढची चाकं उचलायला मदत करतं. म्हणजे टपरीवरचा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा भयंकर होता. दणकट आणि उंच हूक तुटणार नाही, पण ट्रॅक्टर उलटवेल.

ही काही कोडोलीची गोष्ट नाही. १९१७ साली हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि अमेरिकेत गावोगाव पोचला. नांगर दगडात अडकला की हाच ट्रॅक्टर मागं उलटायचा आणि चालवणारा खाली सापडायचा, अशी त्याची बदनामी झाली. हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसानं आयुष्यातली कित्येक वर्षं अवजार ट्रॅक्टरला अडकवायचं कसं, याच एका प्रश्नावर घालवली. त्यातून आली ती तीन ठिकाणी धरणारी जोडणी, थ्री पॉइंट लिंकेज. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसून आली आणि आज दादाच्या ट्रॅक्टरच्या मागंही तीच आहे. इंजिन कसं वाढवायचं हे सगळेच बघत होते. फर्ग्युसननं मागं बघितलं.

ह्यूस्टनला असलेल्या माझ्या आतेभावाला मी हे फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. त्यानं नुकताच स्वतःच्या पिकअपचा कंपनीचा हिच काढून जाड हिच बसवला होता, मासेमारीची बोट ओढायला. तिकडं हिचला क्लास असतात. क्लास वनला साधारण नऊशे किलो, क्लास फोरला साडेचार हजार. पण कारच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की हिच कितीही भारी लावा, गाडीची ओढायची मर्यादा आहे तीच राहते. गाडी, हिच, बॉल, साखळी, ट्रेलर यांत ज्याची मर्यादा सगळ्यात कमी, तीच सगळ्यांची मर्यादा. आणि ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचवर असावा. फार कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवतो, फार जास्त झाला तर गाडीचं तोंड वर. म्हटलं, अरे, हे आबांनी पान खाता खाता सांगितलं!

पण सगळ्यात महत्त्वाचं जो माणूस बोलला, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आमचा ड्रायव्हर. शेजारच्या गावचा, दोन लहान मुलींचा बाप, एरवी गप्प. मिस्त्रींच्या शेडमध्ये तो म्हणाला, "दादा, चढाला आत्ताच स्टेअरिंग हलकं लागतंय."

शहरात स्टेअरिंग हलकं म्हणजे कौतुकाची गोष्ट. पॉवर स्टेअरिंग! ट्रॅक्टरवर त्याचा अर्थ वेगळा असतो. पुढची चाकं जमीन सोडायला लागलीत. स्टेअरिंग फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. मग ड्रायव्हर डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून ट्रॅक्टर वळवतात. शेतात तसं वळवणं ठीक. पण मागं चोवीस टन आणि समोरून एसटी, अशा वेळी ते काय असेल, याची कल्पना करा. उतारावर तर आणखी एक गोष्ट. दणकट हूक ओढायला मदत करतो, थांबवायला नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर अख्खा डोंगर ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर थांबतो. चार टन वाढवले तर ओढायची सोय हुकानं झाली असती. थांबवायची सोय कुणी केली होती?

शेडमध्ये शांतता पसरली. मिस्त्री म्हणाले, "हूक तुटला तर अर्धा दिवस. हाउसिंग फुटलं तर सीझन. ट्रॅक्टर उभा ऱ्हायला तर हा," आणि त्यांनी ड्रायव्हरकडं बोट केलं.

दादा त्या रात्री नीट जेवला नाही. त्याला टपरीवरच्यांनी भुलवलं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण हप्ता खरा होता, डिझेलचा खर्च खरा होता, तोडणीच्या टोळीला आगाऊ दिलेली उचल खरी होती. चार टनांचा मोह हा हावरेपणा नव्हता, तो हिशोब होता. हिशोबाला उत्तर हिशोबानंच द्यावं लागतं, आणि ते दिलं वहिनींनी.

वहिनींकडं एक वही आहे. कुठल्या दिवशी किती खेपा, किती टन, किती डिझेल. त्यांनी मागच्या सीझनची पानं उलटली. ट्रॅक्टर उभा राहिलेले दिवस त्यांनी लाल पेननं गोल केले होते. टायर फुटला, पिन तुटून मागची ट्रॉली सुटली, आस वाकला. प्रत्येक गोलाच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत टनांचे आकडे नेहमीपेक्षा चढलेले. वहिनी काही बोलल्या नाहीत. वही दादापुढं ठेवली आणि भाकरी वाढायला उठल्या. जास्तीच्या टनांनी जे मिळालं होतं, ते उभ्या ट्रॅक्टरनं व्याजासकट परत नेलं होतं.

सकाळी दादा मिस्त्रींना म्हणाला, "तुटू नये म्हणून."

मग काम पटापट झालं. त्याच कंपनीचा त्याच मॉडेलसाठीचा हेवी ड्यूटी हूक मागवला. जुन्याच भोकांत, जुन्याच उंचीवर बसणारा. स्वतःच्या मनानं बनवून काहीही बसवण्याला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ ही आडवं येतं, आणि अपघातानंतर इन्शुरन्सवाल्यांना नेमकं तेच कलम आठवतं. पिन पंचवीस मिलीमीटरची होती, ती बत्तीसची आली. जाडी सातच मिलीमीटरनं वाढली, पण छेदाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त, म्हणजे कापली जायला तितकीच जास्त ताकद लागणार. शिवाय नवा जबडा पिनेला खालून-वरून दोन्हीकडून धरतो. बोल्ट घेताना मिस्त्रींनी मला बोल्टचं डोकं वाचायला शिकवलं. ८.८ लिहिलेला बोल्ट चांगला, १०.९ लिहिलेला त्याहून ताकदीचा, काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला परत. आपण मोबाइलचे स्पेसिफिकेशन्स तोंडपाठ करतो, पण पाच-सात लोकांचा जीव ज्याच्यावर असतो त्या बोल्टच्या डोक्यावर काही लिहिलेलं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याशिवाय तीन गोष्टी आणल्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये जाड सेफ्टी चेन, पिन निघालीच तरी ट्रॉली मोकाट सुटू नये म्हणून. पुढच्या बंपरवर लावायची लोखंडी वजनं, तोंड खाली ठेवायला. आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या मागं लाल रिफ्लेक्टर. दर सीझनला पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा काढतात, तरी अंधारात ट्रॉली न दिसल्यानं माणसं जातातच. ही तिन्ही कामं मिळून हुकापेक्षा फार महाग पडली नाहीत. पण टपरीवर त्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं. चेन आणि रिफ्लेक्टरनं एक टनही वाढत नाही ना!

ट्रॉलीत ऊस पूर्वीइतकाच भरायचा, हे दादानं टोळीच्या मुकादमाला स्वतः सांगितलं. मुकादमाला ते पटलं नाही, गव्हाणीपाशी नंबरला उभ्या असलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरांनी चेष्टाही केली. एवढा सॉलिड हूक आणि एवढीशी खेप? दादा म्हणाला, हूक बघायला कुणाला तिकीट लावलेलं नाही, बघून घ्या.

मिस्त्रींनी जाताना एक काम सांगितलं होतं. पन्नास तास ट्रॅक्टर चालला की परत यायचं, बोल्ट पुन्हा आवळायचे. नवं लोखंड एकमेकांवर बसायला वेळ घेतं. असली कामं आपण हमखास विसरतो, म्हणून मी पुण्याला परतल्यावर मोबाइलमध्ये रिमाइंडर लावला आणि ठरल्या दिवशी, क्लायंट कॉल चालू असताना, दादाला मेसेज टाकला.

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. "जाऊन आलो. सहापैकी दोन बोल्ट अर्धा आटा फिरले."

मी विचारलं, ड्रायव्हर काय म्हणतो?

"स्टेअरिंग जड लागतंय म्हणतो. खूश आहे."